लिंबं तोडायला माणसं मिळत नाहीत : ऑक्सनार्डच्या मेक्सिकन मजुरीचं प्रकरण

कॅलिफोर्नियाच्या शेतीत एक तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कामाला माणसं मिळत नाहीत, पीक शेतात सडणार, सरकारने काहीतरी करावं. या तक्रारीवर सरकारने खरोखर बरंच काही केलं. कायदे झाले, दोन देशांत करार झाले, लाखो माणसं आगगाडीत बसवून आणली आणि परतही पाठवली. तक्रार मात्र कायम राहिली. ती खरी होती की नाही हे सगळ्या देशाचे आकडे घेऊन ठरवणं अवघड आहे, पण एकाच जिल्ह्यापुरतं पाहिलं तर बरंच स्पष्ट दिसतं. असा एक जिल्हा म्हणजे लॉस एंजेलिसच्या वायव्येला, पॅसिफिकच्या काठावर असलेली व्हेंचुरा काउंटी. तिथलं ऑक्सनार्ड हे गाव आणि त्याच्या आजूबाजूच्या लिंबांच्या बागा हा या लेखाचा विषय आहे.

ऑक्सनार्डच्या मैदानात नदीचा गाळ आहे, समुद्राची दमट हवा आहे, कडाक्याची थंडी जवळजवळ नाही. बारा महिने काही ना काही शेतात उभं असतं. त्यामुळे मजूर लागतात तेही बारा महिने. गेल्या सव्वाशे वर्षांत इथली कष्टकरी माणसं पुन्हा पुन्हा बदलली गेली. ती आपोआप बदलली नाहीत. ज्या ज्या वेळी मजुरांना थोडं बळ आलं, त्या त्या वेळी त्यांच्या जागी त्यांच्याहून अगतिक माणसं आणली गेली. मधल्या तेरा-चौदा वर्षांत याच्या नेमकं उलट घडलं, आणि त्या काळाचे आकडे उपलब्ध आहेत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

बीट आणि पहिली एकजूट

१८९८ मध्ये ऑक्सनार्ड बंधूंनी इथे बीटापासून साखर बनवण्याचा कारखाना उभारला आणि गावाला त्यांचंच नाव मिळालं. बीटाच्या पिकात विरळणी हे सगळ्यांत वेळखाऊ काम. ओळीत दाट उगवलेल्या रोपांतलं एकेक ठेवून बाकीची काढायची, तीही वाकून, दिवसभर. हे काम जपानी आणि मेक्सिकन मजूर करत. त्यांना काम मिळवून देणारे त्यांचेच मुकादम असत. १९०२ मध्ये गावातल्या बँकवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी स्वतःची एक कंत्राटी कंपनी काढली आणि बहुतेक सगळं काम ताब्यात घेतलं. विरळणीचा दर एकरी पाच डॉलरच्या आसपास होता, तो पावणेचारपर्यंत खाली आला. मजुरी रोख न देता ठरावीक दुकानांतच चालणाऱ्या चिठ्ठ्यांत दिली जाऊ लागली.

फेब्रुवारी १९०३ मध्ये जपानी आणि मेक्सिकन मजुरांनी मिळून संघटना केली. दोघांची भाषा वेगळी, सभेत प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. तरी महिनाभरात तिचे सभासद बाराशेच्या घरात गेले आणि संप यशस्वी झाला. मग संघटनेने अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनांच्या देशव्यापी महासंघाकडे मान्यता मागितली. फेडरेशनचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स यांनी अट घातली की चिनी किंवा जपानी माणसाला सभासद करायचं नाही. संघटनेचे मेक्सिकन चिटणीस जे. एम. लिझारास यांनी ही मान्यता नाकारली. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलो त्यांना बाहेर ठेवून मिळणारा कागद आम्हाला नको, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. या पत्राबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण मान्यता नाही म्हणजे पाठबळ नाही, आणि काही वर्षांतच ही संघटना विरून गेली.

घर दिलं, म्हणजे घर काढूनही घेता येतं

पुढच्या तीस वर्षांत बीटाची जागा लिंबाने घेतली. सांता पॉलाजवळची लिमोनेरा कंपनी १८९३ मध्ये स्थापन झाली होती. तिचे सूत्रधार चार्ल्स कॉलिन्स टीग हे पुढे सनकिस्ट या नावाने माल विकणाऱ्या बागायतदारांच्या महासंघाचेही अध्यक्ष झाले. लिंबाची तोडणी संत्र्यासारखी एका हंगामात उरकत नाही. मजुराजवळ लोखंडी कडं असतं. फळ त्या कड्याएवढं झालं की कात्रीने देठ कापून पिशवीत टाकायचं, लहान असेल तर झाडावर ठेवायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा त्याच झाडाकडे यायचं. झाडाला काटे असतात, शिडी जड असते, आणि सकाळी फळ दवाने ओलं असेल तर ते सुकेपर्यंत बिनपगारी बसून राहावं लागतं.

वर्षभर काम म्हणजे वर्षभर माणसं हवीत. म्हणून लिमोनेरासारख्या कंपन्यांनी मेक्सिकन कुटुंबांसाठी बागेतच घरं बांधली. त्या काळच्या मानाने ती बरी होती, आणि कंपन्या ती कौतुकाने दाखवत. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने अमेरिकेतल्या कामगारांना संघटनेचा हक्क दिला, १९३८ च्या कायद्याने किमान वेतन दिलं. दोन्ही कायद्यांतून शेतमजूर वगळले गेले. दक्षिणेतले कापूसवाले आणि पश्चिमेतले फळबागायतदार यांचं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, वजन होतं. त्याच दशकात मंदीचं कारण देऊन लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना, त्यांत अमेरिकेत जन्मलेली मुलंही होती, दबावाने किंवा जबरदस्तीने मेक्सिकोत पाठवलं गेलं.

जानेवारी १९४१ मध्ये व्हेंचुरातल्या लिंबू मजुरांनी संप केला. तोडणारे आणि पॅकिंगवाले मिळून सुमारे सहा हजार माणसं कामावरून उठली. मागणी मुख्यतः दरवाढीची आणि संघटनेच्या मान्यतेची होती. टीग आणि इतर बागायतदारांनी बोलणी केलीच नाहीत. संपकऱ्यांना कंपनीची घरं सोडायला लावली. ज्या घरांत एकेका कुटुंबाच्या दोन पिढ्या वाढल्या होत्या त्यांतून माणसं बाहेर पडली आणि तंबूंत राहू लागली. त्या घरांत ओक्लाहोमा आणि आसपासच्या दुष्काळी भागातून आलेले गोरे स्थलांतरित राहायला आले. उन्हाळ्यापर्यंत संप मोडला.

गोऱ्या स्थलांतरितांनी मात्र हे काम फार काळ केलं नाही. डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली, विमानांचे आणि जहाजांचे कारखाने चांगला पगार देऊ लागले आणि ते तिकडे गेले. बागायतदारांनी ज्यांना घरांतून काढलं होतं तेही पांगले होते. त्यानंतर वॉशिंग्टनला कळवण्यात आलं की माणसं मिळत नाहीत.

ब्रासेरो करार

४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला. मेक्सिकोतून पुरुष मजूर ठरावीक मुदतीसाठी येतील, शेतात काम करतील आणि परत जातील. या मजुरांना ब्रासेरो म्हणत. युद्धकाळापुरती म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था १९६४ च्या अखेरीपर्यंत चालली. त्या बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख कंत्राटांवर सह्या झाल्या. अनेक जण पुन्हा पुन्हा आल्यामुळे माणसांची संख्या याहून बरीच कमी आहे. १९५६ या एका वर्षात जवळजवळ साडेचार लाख माणसं आली.

कागदावरचा करार वाचला तर तो चांगलाच वाटतो. ताशी किमान ३० सेंट किंवा त्या भागात चालू असलेली मजुरी, यांपैकी जे जास्त असेल ते. कंत्राटाच्या तीन चतुर्थांश दिवसांच्या कामाची हमी. फुकट निवास, येण्याजाण्याचा खर्च, भेदभावाला बंदी. अमेरिकेतल्या स्वतःच्या नागरिक असलेल्या शेतमजुरालाही त्या काळी किमान वेतनाची किंवा कामाच्या दिवसांची हमी नव्हती. टेक्सासमध्ये मेक्सिकन लोकांना फार वाईट वागणूक मिळते म्हणून मेक्सिको सरकारने सुरुवातीची काही वर्षं तिथे मजूर पाठवायलाच नकार दिला होता. म्हणजे मेक्सिकोच्या बाजूने डोळे मिटून सह्या झाल्या होत्या असंही नाही.

मग बिघडलं कुठे? पहिलं, मजुराला मालक बदलता येत नव्हता. कंत्राटात ज्याचं नाव त्याच्याकडेच काम. वाद घातला, दुसरीकडे गेला, तर कंत्राट संपलं आणि परतीची गाडी. आपल्याकडे उचल घेतलेला ऊसतोड मजूर कर्जाने मुकादमाशी बांधला जातो, ब्रासेरो कागदाने बांधला गेला होता. कंत्राट सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतचं असे आणि पुढचं मिळणं फोरमनच्या मर्जीवर. तक्रार करायची सोय होती, वाणिज्यदूत होते, श्रम खात्याचे तपासनीसही होते. पण तपासनीस मोजके आणि छावण्या असंख्य. शिवाय तक्रार करणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावलं जात नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. करारातली ‘चालू मजुरी’ ठरवायची कशी? कायद्याप्रमाणे बागायतदाराने आधी स्थानिक मजूर शोधायचे. चालू दराने ते मिळाले नाहीत तर तुटवडा आहे असं श्रम खातं प्रमाणित करी आणि ब्रासेरो मंजूर होत. प्रत्यक्षात हंगामाच्या आधी बागायतदारांची संघटना बसून दर ठरवत असे. सॅन होआकिन खोऱ्यात कापसासाठी असा दर ठरवणारी मंडळी १९२० च्या दशकापासूनच होती. सगळे तोच दर देणार, म्हणून तोच चालू दर. जो स्थानिक माणूस म्हणेल की एवढ्यात माझं घर चालत नाही, तो हिशेबाने ‘उपलब्ध नसलेला’ ठरे. त्याने दर नाकारला हाच तुटवड्याचा पुरावा. तो तुटवडा दाखवून ब्रासेरो येत, ब्रासेरो त्या दरात काम करत, आणि पुढच्या वर्षी तो दर आणखी पक्का होई. यात कुणी खोटे कागद करण्याची गरजच नव्हती, सगळं नियमात बसत होतं.

तिसरी गोष्ट रिकाम्या दिवसांची. छावणीतल्या जेवणाचे १९५० च्या दशकात दिवसाला जास्तीत जास्त पावणेदोन डॉलर कापले जात, काम असो वा नसो. बागायतदाराला जादा माणूस छावणीत ठेवण्याचा खर्च जवळजवळ शून्य. त्यामुळे बागायतदारांच्या संघटना गरजेपेक्षा जास्त माणसं मागवत. आठवड्यात तीन दिवस काम मिळालेला माणूस सात दिवसांच्या जेवणाचे पैसे भरून घरी किती पाठवणार? ऑक्सनार्डच्या बुएना व्हिस्ता छावणीत अशी माणसं रोज पहाटे रांगेत उभी असत.

आणि ती इथवर पोचायची कशी, हेही सांगायला हवं. ग्वानाह्वातो, हालिस्को, मिचोआकान, साकातेकास या राज्यांतल्या गावांतून माणसं निघत. यादीत नाव घालून घ्यायला स्थानिक अधिकाऱ्याला लाच द्यावी लागे, त्यासाठी बैल किंवा जनावर विकावं लागे. सोनोरा राज्यातल्या एम्पाल्मे केंद्रावर गेलेल्यांना आधी तिथल्या बड्या शेतकऱ्यांचा कापूस वेचून द्यावा लागे, तेव्हा कुठे चिठ्ठी मिळे. केंद्रावर हात उलटेपालटे करून घट्टे पाहिले जात, मऊ हाताचा माणूस परत. सीमेवरच्या केंद्रांत नग्न तपासणी आणि अंगावर डीडीटीची फवारणी. १९५६ मध्ये छायाचित्रकार लिओनार्ड नेडेल यांनी टेक्सासमधल्या हिडाल्गो इथे काढलेली छायाचित्रं आहेत. रांगेतल्या उघड्या माणसाच्या चेहऱ्यावर मास्क लावलेला कर्मचारी भुकटी मारतो आहे, आणि मागचे आपली पाळी येण्याची वाट पाहत आहेत.

गावं का सोडली

या माणसांनी जमीन असून गावं का सोडली, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणं स्वाभाविक आहे. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत जमीनवाटप झालं होतं. राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या काळात, १९३४ ते १९४० मध्ये, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन गावांच्या सामायिक मालकीत आली. पण बहुतेक तुकडे कोरडवाहू, कर्ज नाही, बियाणं नाही, पाणी नाही.

इथे एका मराठी माणसाचं नाव घ्यावंच लागेल. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीत होते, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि कष्टकरी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा उभारल्या. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना चितारलं आहे. लहान तुकड्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याकडे ज्ञान गेलं पाहिजे, ही खानखोज्यांची वाट होती. १९४० नंतर मेक्सिको सरकारचा पैसा मात्र वायव्येकडच्या मोठ्या धरणांकडे आणि बड्या बागायती शेतांकडे वळला. सोनोरातल्या त्याच बागायतीतून पुढे गव्हाचे बुटके वाण आले आणि १९६६ मध्ये भारताने त्यांचं १८,००० टन बियाणं मागवलं. हरित क्रांतीची कथा आपण सांगतो तेव्हा त्याच राज्यात, अमेरिकेत जायची चिठ्ठी मिळवण्यासाठी कापूस वेचणारे कोरडवाहू शेतकरीही होते, हे सहसा आपल्यापर्यंत पोचत नाही.

या मजुरांच्या पहिल्या पिढीची आणखी एक फसवणूक झाली. १९४२ पासून काही वर्षं त्यांच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली गेली. ती अमेरिकी बँकांतून मेक्सिकोच्या बँकांत गेली आणि परत गेल्यावर हाती मिळायची होती. हजारोंना ती मिळालीच नाही. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा लागला. २००५ मध्ये मेक्सिकोने कायदा करून प्रत्येकी ३८,००० पेसो देऊ केले. तोवर मूळ मजुरांपैकी बहुतेक ऐंशीच्या पुढे किंवा मातीआड गेले होते, आणि वारसांपैकी अनेकांकडे साठ वर्षांपूर्वीचं कंत्राट शिल्लक नव्हतं.

पहाटेच्या रांगेतले स्थानिक

ऑक्सनार्डच्या ला कोलोनिया वस्तीत मेक्सिकन वंशाची, अमेरिकेत कायमची स्थायिक झालेली कुटुंबं राहत होती. लिंबं तोडायला ती तयार होती. १९५८ मध्ये कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने सेसर चावेस यांना, म्हणजे पुढे शेतमजुरांचे प्रसिद्ध नेते झालेल्या कार्यकर्त्याला, तिथे पाठवलं. ते मतदार नोंदणीच्या कामासाठी आले होते. पण ज्या घरी बसावं तिथे एकच गाऱ्हाणं ऐकू येई: ब्रासेरोंमुळे आम्हाला काम मिळत नाही.

कायदा स्थानिकांच्या बाजूने होता. स्थानिक माणूस तयार असेल तर ब्रासेरोला काम देता येत नाही. मग चावेस लोकांना घेऊन सरकारी रोजगार कार्यालयात जाऊ लागले. ते कार्यालय व्हेंचुरा शहरात, ऑक्सनार्डपासून दूर. तिथे सकाळी अर्ज भरायचा, कार्ड घ्यायचं, परत ऑक्सनार्डच्या छावणीत यायचं. तोवर टोळ्या पहाटेच बागांकडे रवाना झालेल्या. उद्या या. उद्या आलं की कार्ड कालचं आहे, नवीन आणा. हे चक्र महिनोन्‌महिने चाललं. प्रत्येक फेरीची नोंद ठेवली गेली. हे कागद श्रम खात्यापर्यंत गेले, शेतात जाऊन धरणं धरली गेली, अखेर रोजगार सेवेतल्या अधिकाऱ्यांची चौकशी होऊन काहींना जावं लागलं. काही काळ तर बागायतदार थेट संस्थेच्या कार्यालयातून माणसं मागवू लागले. पण चावेस यांची बढती होऊन ते लॉस एंजेलिसला गेले, संस्थेने कामगार संघ बांधायला नकार दिला आणि मिळवलेलं हळूहळू निसटलं. १९६२ मध्ये ते संस्था सोडून कॅलिफोर्नियातल्याच डिलानोला गेले आणि तिथे त्यांनी शेतमजुरांचा संघ बांधला, तो इतिहास बराच परिचित आहे.

विषमता फक्त मजुरीत नव्हती. १९३० च्या दशकात ऑक्सनार्डच्या शाळा मंडळाने मेक्सिकन मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळं कसं बसवायचं, यावर बैठकांत चर्चा केल्या आणि त्या इतिवृत्तात नोंदवल्या. पुढे ला कोलोनियात बांधलेल्या शाळांमुळे हे विभाजन भौगोलिकच झालं. १९७० मध्ये पालक न्यायालयात गेले आणि तीच जुनी इतिवृत्तं हेतुपुरस्सर भेदभावाचा पुरावा म्हणून पुढे आली. ज्या गावात वडिलांना लिंबाच्या झाडाखाली जागा होती, तिथे मुलाची जागाही आधीच ठरवून ठेवलेली होती.

कराराचा अंत

सप्टेंबर १९६३ मध्ये सालिनास खोऱ्यात चुआलार इथे शेतावरून परतणाऱ्या ब्रासेरोंच्या गाडीला मालगाडीने धडक दिली. ट्रकवर बाकं ठोकून केलेली ती बस होती, आतल्या माणसांना चालकाशी बोलायचीही सोय नव्हती. ३२ माणसं मेली. कामगार नेते आणि अभ्यासक एर्नेस्तो गालार्सा यांनी काँग्रेसच्या समितीसाठी या अपघाताचा तपास केला. गालार्सा स्वतः नायारितच्या डोंगरातून लहानपणी कॅलिफोर्नियात आलेले, शेतमजुरी करत शिकून कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर झालेले. ब्रासेरोंच्या छावण्या फिरून त्यांनी १९५६ मध्येच अहवाल लिहिला होता. कार्यक्रमाच्या शेवटच्या काळात श्रम खात्यात त्याची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी ली विल्यम्स यांनी पुढे त्याला ‘कायदेशीर गुलामगिरी’ म्हटलं. ३१ डिसेंबर १९६४ रोजी करार संपला.

बागायतदारांनी सांगितलं होतं की पिकं सडतील. टोमॅटोच्या बाबतीत घडलं ते असं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात यंत्र आणि यंत्राला सोसेल असं कडक सालीचं वाण दोन्ही तयारच होतं. १९६० च्या सुरुवातीला यंत्राने जवळजवळ काहीच तोडलं जात नव्हतं, दशक संपता संपता प्रक्रियेचा जवळपास सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. टोमॅटो पिकवणारे शेतकरीच सुमारे ४,००० वरून ६०० वर आले, कारण यंत्र लहान शेतकऱ्याला परवडेना. मायकल क्लेमेन्स, ईथन लुइस आणि हॅना पोस्टेल या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये राज्याराज्यांचे आकडे तपासून दाखवलं की ब्रासेरो गेल्यामुळे स्थानिकांची मजुरी विशेष वाढली नाही. हा निष्कर्ष मी गंभीरपणे घेतो. नुसती माणसं कमी केली की दर आपोआप वाढत नाहीत. परदेशी मजूर हाकलले की स्थानिक गरिबाचं भलं होतं असं सांगणाऱ्यांना त्यात उत्तर आहे.

पण लिंबासाठी यंत्र नव्हतं. कडं लावून फळ पाहणारं यंत्र कुणाला करता आलं नाही. त्यामुळे व्हेंचुरात माणसांचाच विचार करावा लागला.

तेरा वर्षं

ऑक्सनार्ड भागातले लिंबू बागायतदार तोडणीसाठी कोस्टल ग्रोअर्स असोसिएशन या आपल्या सहकारी संस्थेवर अवलंबून होते. करार संपल्यावर संस्थेने काम करण्याची पद्धतच बदलली. जुन्या ब्रासेरोंपैकी अनेकांना कायम राहण्याचा परवाना मिळावा म्हणून मालकांच्या पत्रांची मदत झाली. मजूर संस्थेचे झाले, एका मळ्याचे नाहीत, म्हणजे एका बागेत काम नसलं तर दुसरीकडे पाठवता येई. पेटीमागचा दर सरसकट न ठेवता झाडाची उंची, फळांची दाटी आणि आकार पाहून ठरू लागला, म्हणजे उंच आणि विरळ झाडावर ज्याची पाळी येई त्याचं नुकसान होईना. भरपगारी रजा, आरोग्य विमा, घरं मिळू लागली. हंगामाहंगामाला तीच माणसं परत येऊ लागली.

याचा परिणाम असा झाला. १९६५ मध्ये या संस्थेच्या पगारपत्रकावर वर्षभरात साडेआठ हजारांच्या आसपास तोडणारे आले-गेले होते. १९७८ मध्ये तीच कामं तेराशेच्या आसपास माणसं करत होती. ताशी तोडल्या जाणाऱ्या पेट्या दुपटीहून जास्त झाल्या. ताशी कमाई तिपटीच्या वर गेली, आणि त्या काळात महागाई साधारण दुपटीने वाढली होती.

हे आकडे पुन्हा पाहावेत. १९६५ मध्ये ज्याला माणसांचा तुटवडा म्हटलं जात होतं, तेवढ्याच बागांना तेरा वर्षांनी सहाव्या-सातव्या हिश्शाची माणसं पुरली. जास्तीची हजारो माणसं लागत होती ती लिंबामुळे लागत नव्हती. रिकामा बसलेला माणूस मालकाला फुकट पडत होता, नवखा माणूस अर्ध्या वेगाने काम करत होता, अनुभव यायच्या आत त्याला परत पाठवलं जात होतं, आणि पुढच्या हंगामाला दुसरा नवखा येत होता. या अकार्यक्षमतेचं ओझं मजुरांच्या रिकाम्या दिवसांवर टाकलं जात होतं, म्हणून ती कुणाच्या हिशेबात दिसत नव्हती.

पुन्हा कंत्राटदार

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदा केला. १९७८ मध्ये कोस्टल ग्रोअर्सच्या मजुरांनी युनायटेड फार्म वर्कर्स या चावेस यांच्या संघाच्या बाजूने मतदान केलं. चांगली मजुरी मिळवलेल्या, स्थिर झालेल्या माणसांनी आता तिच्यावर कायमचा हक्क मागितला, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. पण सहकारी संस्थेच्या सभासद बागायतदारांना एक मोकळी वाट होती. संस्थेतून बाहेर पडायचं आणि खाजगी मजूर कंत्राटदाराकडून तोडणी करून घ्यायची. १९८० च्या दशकात मेक्सिकोत पेसो कोसळला, कागदपत्रं नसलेली माणसं मोठ्या संख्येने उत्तरेला येत होती, आणि कंत्राटदार त्यांना रजा, विमा यांशिवाय कमी दरात कामाला लावत होते. एकेक सभासद गळत गेला आणि दशकाच्या मध्यापर्यंत ती तोडणी व्यवस्था संपली. संघ जिंकला होता, पण ज्याच्याशी करार करायचा तो मालकच विरून गेला. या सगळ्या इतिहासात मला सगळ्यांत जास्त खंत वाटते ती या ठिकाणी.

१९८६ च्या स्थलांतरविषयक कायद्याने देशभर दहा लाखांहून अधिक शेतमजुरांना कायदेशीर दर्जा दिला आणि त्याच वेळी बेकायदा माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड लावला. दंडाच्या भीतीने बागायतदार आणखी कंत्राटदारांमागे गेले, कागदावर मालक कंत्राटदारच. कायदेशीर झालेल्यांपैकी अनेकांनी शेती सोडून बांधकाम, गोदामं, हॉटेलं धरली, ते योग्यच होतं. त्यांच्या जागी ओहाका आणि ग्वेरेरोच्या डोंगरांतून मिश्तेक आदिवासी आले. आज ऑक्सनार्डच्या मैदानात लिंबापेक्षा स्ट्रॉबेरी जास्त दिसते, आणि ती वेचणाऱ्या कित्येकांना स्पॅनिशही नीट येत नाही. मिश्तेको इंदिखेना संस्था २००१ पासून इथे दुभाषे पुरवते, स्वतःच्या भाषांतलं रेडिओ केंद्र चालवते. १० जुलै २०२५ रोजी शेजारच्या कॅमारियोतल्या हरितगृहांवर स्थलांतर खात्याने धाड घातली, या आणि जोडीच्या कारवाईत ३०० हून अधिक लोक पकडले गेले. धाडीच्या धावपळीत छतावरून पडलेला एक मजूर दोन दिवसांनी मरण पावला.

दुसरीकडे परदेशी मजुरांना हंगामी शेतीकामासाठी मिळणारा, १९८६ मध्ये सुरू झालेला एच-२ए व्हिसा वाढतो आहे. २००५ च्या सुमाराला वर्षाला पन्नास हजारांच्या आत असलेल्या मंजूर जागा २०२२ मध्ये ३ लाख ७० हजारांवर गेल्या. त्यांतल्या बहुतेक मेक्सिकन माणसांना मिळतात. घर मालकाने द्यायचं, तीन चतुर्थांश कामाची हमी, प्रवासखर्च, हे सगळं १९४२ च्या कागदासारखंच आहे. नव्या मालकाने रीतसर अर्ज केल्याशिवाय मालक बदलण्याची मुभा अजूनही नाही. मजुरीचा किमान दर श्रम खातं ठरवतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये खात्याने तो काढण्याची पद्धत बदलली आणि मालक देत असलेल्या निवासाची किंमत दरातून वजा धरायला परवानगी दिली. तुटवडा आहे, असं त्याचं कारण सांगितलं गेलं.